दाढ अजून यायची आहे

वाट बघण्याच्या कामात आमच्या घरमालकांचा हात धरील असा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात झाला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. पेणच्या एसटी स्टँडावर रोह्याच्या गाडीची वाट बघताना माणसं तंबाखू मळतात, शिव्या देतात, चौकशीच्या खिडकीशी जाऊन भांडतात. आमचे घरमालक तेवढ्या वेळात शेजारच्या उतारूला तोंड उघडायला लावून त्याचे दात तपासत, आणि गाडी लागली की "आली वाटतं" असं काहीशा नाराजीनंच म्हणत. ते दातांचे डॉक्टर होते. खाली रस्त्याच्या बाजूला दवाखाना, त्यामागे त्यांच्या दोन खोल्या, आणि वर आम्ही भाडेकरू. माझं माहेर रोह्याचं. नवऱ्याची नोकरी धरमतरच्या जेटीवर, मालाच्या बार्जवर देखरेख करायची. बार्ज भरतीला येणार, त्यामुळे आज नवरा जेवायला किती वाजता येईल हे घड्याळाला नव्हे, तिथीला विचारावं लागे. आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा आमची रेवती दीड वर्षाची होती. सामान उतरवून होत नाही तोच घरमालक जिना चढून वर आले. मला वाटलं, भिंतीत खिळे मारू नका हे सांगायला आले असतील. त्यांनी रेवतीला उचललं, खिडकीच्या उजेडात नेलं, हात धुतलेलाच आहे असं मला बजावून करंगळीनं तिच्या हिरड्या चाचपल्या आणि म्हणाले, "अगदी वेळेवर आलात. आत पक्क्या दाढा तयार होतायत." खिळ्यांविषयी ते पुढेही कधी बोलले नाहीत.

ते आमच्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मंडळींपैकी. या मंडळींनी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावानं त्यांना शनवारतेली म्हटलं. आमच्या घरमालकांच्या घरातला घाणा आजोबांबरोबर गेला, शनिवार मात्र राहिला. शनिवारी दवाखान्याला कुलूप, आणि हे सगळ्यांना इतकं ठाऊक की पेणमध्ये शनिवारी दुखायची कोणाच्या दाताची प्राज्ञा नव्हती. बाकीच्या दिवशी ते पेशंटची वाट बघत आणि पेशंट आला की त्याचा दात वाचवायची वाट बघत. दात उपटणं त्यांच्या जिवावर येई. खाडीकडची एखादी बाई गाल धरून, कळवळत, "काढून टाक रे बाबा एकदाचा" असं म्हणत आली तरी ते तिच्याशी अर्धा-अर्धा तास वाटाघाटी करत. "दात म्हणजे काय भाडेकरू आहे, काढून टाकायला?" असं ते विचारत, आणि त्यांनी आयुष्यात एकाही भाडेकरूला काढलेलं नसल्यामुळे या प्रश्नाला जोर येई. पेणमध्ये वीज गेली की त्यांचं पायानं चालवायचं जुनं मशीन सुरू होई. त्याच्या घरघरीवरून मला वरच्या मजल्यावर कळे की खाली कोणाची तरी दाढ वाचते आहे.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. गावातली निम्मी माणसं ते दातांवरून ओळखत. "ते नाही का, वरची डावी दाढ भरलेले, त्यांच्या मुलीचं लग्न आहे" असं ते सांगत, आणि मी पत्रिका बघून मग माणूस ओळखी. लग्नाला जात, पण जिलबीच्या पंक्तीकडे पाठ करून बसत. शेजारी गणपतीचा कारखाना होता. तिथं मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीचं काम चालू असलं की ते दारात उभे राहून कौतुकानं बघत आणि कारागिरांना म्हणत, "मोदक खायचे तर दात कमी ठेवावे लागतात. तुमच्या देवानं स्वतःच उदाहरण घालून दिलंय." कारागीर हसत आणि त्यांना चहा देत. चहा ते बिनसाखरेचा पीत आणि पिताना असा चेहरा करत की कोणाला दुसरा कप विचारायचा धीर होऊ नये. कवळीच्या साच्यांना लागणारं प्लास्टर अडीनडीला ते त्या कारखान्यातूनच आणत. मूर्तीचं प्लास्टर दातांना चालत नाही, साचा बिघडतो, असं ते दर वेळी म्हणत आणि दर वेळी आणत.

या प्लास्टरचे जबडे त्यांच्या मागच्या खोलीतल्या फळीवर ओळीनं मांडलेले होते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी दचकले. मला वाटलं, पेशंटांचे असतील. "छे, पेशंटांचे कशाला ठेवू? ही माझी थोरली बहीण," ते एक जबडा उचलून म्हणाले. "आता तिकडे लोद शहरात असते. हा चुलतभाऊ, हा त्याचा मुलगा. हे आमचे शेजारी, त्यांचं घर आता कापडवाल्यानं घेतलंय." एकेक करून सगळी मंडळी इस्राएलला गेली होती, आणि प्रत्येकाला जाण्यापूर्वी यांनी खुर्चीत बसवून तोंडाचा साचा घेतला होता. निरोपाच्या वेळी लोक फोटो काढून घेतात. यांनी जबडे काढून घेतले. मुलगाही गेलेला होता, आणि सुनेचं बाळंतपण करून येते म्हणून त्यांची बायको गेली होती ती तिकडेच राहिली. त्यांचा शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागे, आणि त्या संध्याकाळी दिवा लावायचा झाला तर तो एका खोलीत, एका माणसासाठी आणि त्या फळीवरच्या सगळ्यांसाठी. म्हणून शुक्रवारी दुपारीच ते रोह्याची गाडी धरत. त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पेणमध्ये तेवढे उरले नव्हते आणि रोह्यातही नव्हते. दोन्हीकडचे मिळून रोह्याच्या मशिदीत जेमतेम दहा भरत. आमच्याकडे त्यांच्या प्रार्थनाघरालाही मशीदच म्हणतात. त्या दहांतले दहावे बहुतेक वेळा आमचे घरमालक असत, आणि गाडीला उशीर झाला की तिकडे नऊ जण दाराकडे बघत बसत.

आता गोळ्यांचं सांगते, कारण त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी वाट त्यांनी या गोळ्यांपायी बघितली. दातांना बळ देणाऱ्या फ्लोराइडच्या त्या गोळ्या. आमच्याकडच्या दुकानात तेव्हा त्या मागितल्या तर दुकानदार पोटाच्या गोळ्या पुढे करी. येणाऱ्या-जाणाऱ्या नातलगांबरोबर मुलगा त्या तिकडून पाठवी. आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून ते मुंबईला तपासून आले होते. पाण्यात फ्लोराइड नसल्यासारखंच निघालं आणि तेव्हाच त्यांनी गोळ्या द्यायचं ठरवलं. "ज्या गावच्या पाण्यात मुळातच भरपूर आहे, तिथे ही गोळी द्यायची नाही. दात डागाळतात. औषध म्हणजे प्रसाद नव्हे, दिसेल त्याच्या हातावर ठेवायला," असं ते सांगत. मी पहिल्याच दिवशी जगातली कुठलीही आई विचारील तो प्रश्न विचारला, "गुण किती दिवसांत येईल?" ते म्हणाले, "दिवसांत नाही हो. जी दाढ हिच्या हिरडीच्या आत आज घडते आहे, तिला आज मिळतंय. ती बाहेर येईल ही सहा वर्षांची झाल्यावर. बाहेर आल्यावर गोळी चघळून वरूनही मिळेल. मग ती किडते की टिकते ते कळायला आणखी पाच-सहा वर्षं." मी म्हटलं, "म्हणजे तोवर काहीच दिसणार नाही?" "काहीच दिसणार नाही," ते आनंदानं म्हणाले. असा आनंद मी फक्त लॉटरी लागलेल्या माणसाच्या तोंडावर बघितला आहे.

रोह्याच्या वाटेवरच्या गडब गावच्या पोरांना गोळ्या सुरू झाल्या त्या मात्र एका पंक्चरमुळे. एका शुक्रवारी रोह्याची गाडी गडबला बसली ती बसलीच, आणि दुसरी गाडी येईपर्यंत सूर्य मावळला. सूर्यास्तानंतर त्यांना शनिवार लागला, म्हणजे वाहनात बसायचं नाही. मी रेवतीला घेऊन त्याच गाडीनं माहेरी निघाले होते. मी, कंडक्टर आणि एक मास्तर अशा तिघांनी त्यांना परोपरीनं विनवलं, पण ते शांतपणे पिशवी घेऊन उतरले आणि नाक्यावरच्या वाणसामानाच्या दुकानदाराला म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे राहतो." तिकडे रोह्यात त्या रात्री प्रार्थना पुरी झाली नाही, इकडे गडबला मात्र यांनी अख्ख्या गावाचे दात पाहिले. शनिवारी काम कसं केलंत असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "बघणं म्हणजे काम नव्हे. हत्यार हातात घेतलं तर काम." तिथलंही पाणी मुंबईला तपासून पुढच्याच आठवड्यात ते गोळ्यांची पुडकी घेऊन पुन्हा गडबला हजर.

गडबच्या लोकांना औषध ठाऊक होतं ते तापाचं. तीन दिवस घ्यायचं आणि शेतावर जायचं. सहा वर्षांचं औषध ही त्यांना थट्टाच वाटली असणार. एका आजीनं तर नातवाला आठवडाभराच्या गोळ्या एकदम चारल्या आणि पोराला उलट्या सुरू झाल्या. निरोप येताच आमचे घरमालक मिळेल त्या ट्रकात बसून गेले, पोराला दूध पाजलं, रात्रभर उशाशी बसले. पोर सकाळी अंगणात खेळायला लागलं तेव्हा आजी त्यांना म्हणाली, "एकेक देऊन सा वरसं कोन बसल, डाक्टर? म्हनून म्या एकदाच दिल्या. लवकर गुन यील म्हनून." ते म्हणाले, "आजी, अख्खं बियाणं एका दिवसात टाकलंत तर भात दुसऱ्या दिवशी कापायला येतो का?" आजीला ते पटलं. "व्हय, तां पन खरां," ती म्हणाली. पण तिनं गोळ्या परत केल्या त्या केल्याच. बाकीच्यांच्याही हळूहळू सुटल्या. कोणाच्या बापाचं कंपनीतलं कंत्राट संपलं आणि बिऱ्हाड हललं, कोणाची आई विसरली, कोणी म्हणालं दात तर दिसायला होते तसेच आहेत. शेवटी नेमानं गोळी चघळणारी एकटी आमची रेवती उरली, कारण ती वरच्या मजल्यावर राहत होती आणि तिला पळून जायला जागा नव्हती.

शुक्रवार-शनिवारी गोळी मी देई, बाकी रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून ते वर येत. सुरुवातीला चुरून, पुढे अख्खी, अशी एक गोळी रेवतीच्या जिभेवर ठेवत. गोळी हळूहळू विरघळू द्यायची आणि त्यानंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. तो अर्धा तास ते खुर्चीवर बसून राहत. मी चहा विचारला तर म्हणत, "पेशंट उपाशी आणि डॉक्टर चहा पितो हे बरं दिसत नाही." तेवढ्या वेळात ते रेवतीला तिच्या दाढेची खबर देत. हिरडीच्या आत एक खोली आहे, तिथे दाढबाई राहतात. "आज काय करतेय माझी दाढ?" असं ही विचारी, आणि ते फार गंभीरपणे सांगत, "आज तिनं नहाणं केलं. आता केस वाळवत बसलीय." कधी दाढेला सर्दी झालेली असे, कधी तिच्याकडे पाहुणे आलेले असत. अर्धा तास झाला की मी पानं घेई, आणि वालाचं बिरडं असलं की ते आढेवेढे न घेता बसत. गोळीचा गुण रेवतीच्या दातांना यायला वर्षं लागणार होती. त्यांना स्वतःला तो रोज संध्याकाळी येत होता हे मला कळत होतं. खरं म्हणजे मलाही येत होता. नवरा जेटीवर, भरतीची वाट बघत. दिवेलागणीला त्या घरात मी आणि एक लहान मूल. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की मला बरं वाटे.

त्यांच्याकडे फोन नव्हता. दाढेत सुई असताना घंटा वाजली तर पेशंट उडतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे जेटीचा म्हणून फोन होता, आणि दर रविवारी सकाळी त्यावर इस्राएलहून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन येई. आधी त्या माझ्याशी बोलत. "बाय, इथं सगळां हाय गो. नळाला दिवसभर पानी हाय, लाइट जात नाय. बोलाया कोन नाय. सून चांगली हाय, पन तिची भाषा मला येत नाय आन्‌ माझी तिला. नातू तर मी बोलले की हसतो. मग मी आपली भांड्यांशी बोलतंय." एवढं सांगून झालं की त्या विचारत, "आली का गो तुझ्या पोरीची दाढ?" कारण आमच्या घरमालकांनी बायकोला वचन दिलं होतं. मीच ऐकलं होतं, आणि मी कशाला, समोरचा कापडवालाही ऐकत होता. परदेशाशी बोलायचं म्हणजे ओरडून बोललं पाहिजे अशी त्यांची खात्री होती. "रेवतीची पहिली पक्की दाढ आली की मी निघालोच!" असं ते ओरडले होते. "एवढी वर्षं थांबलो, आता तेवढी एक बघू दे. बाकी सगळी पोरं मधेच गेली!" तेव्हापासून दीड हजार कोस दूर एक बाई माझ्या मुलीच्या दाढेकडे डोळे लावून बसली होती, आणि मी दर रविवारी म्हणत होते, "अजून नाही हो काकू."

रेवती सहाची झाली आणि एकाएकी अबोल झाली. आमची ही पोर म्हणजे गणपतीच्या कारखान्यात जाऊन उंदराशीही गप्पा मारणारी. ती आता ओठ न उघडता बोलू लागली, हसायचं झालं तर तोंडावर हात धरू लागली. मला वाटलं, शाळेत कोणी चिडवलं असेल, किंवा घशात काही झालं असेल. एक दिवस न्हाऊ घालताना मी तिला धरलं आणि जबरदस्तीनं तोंड उघडायला लावलं. दुधाच्या दाढांच्या मागे खाली एक मोठी, पांढरी स्वच्छ, चांगली रुंद दाढ आलेली होती. नुकती नव्हे, चांगली वर आलेली. "अगं, ही कधी आली?" मी म्हटलं. ती रडायलाच लागली. "सांगू नको ना काकांना. दाढ आली की ते जाणार आहेत."

त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे आले. त्यांनी खिशातला छोटा आरसा काढला. रेवतीनं एखादं नाणं जेमतेम जाईल एवढं तोंड उघडलं. त्यांनी आरसा आत घातला, बॅटरीचा झोत मारला, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "छे. अजून हिरडीच दिसतेय. वेळ लागतो." रस्त्यापलीकडून चाललेल्या माणसाची कीड दिसणारा हा डॉक्टर. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते मान खाली घालून धोतराच्या फडक्यानं आरसा पुसत होते, आणि तो आरसा पुसून काही केल्या संपत नव्हता. त्यांना दाढ दिसली होती. माझ्या कितीतरी आधी दिसली होती. मग ते रेवतीला म्हणाले, "तुझी दाढ आज गावाला गेलीय," आणि रेवतीनं गंभीरपणे मान हलवली. दोघंही एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होती. मला हसू आलं, आणि मग पानं घ्यायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेले, कारण हसू टिकलं नाही.

पुढचे काही रविवार मी फोन आला की "घ्या, काकांशीच बोला" म्हणून निसटत होते. मग थंडीतला एक रविवार आला. काकूंनी विचारलं, वालाला शेंगा धरल्या का, शेतात मडक्यात शेंगा भाजायच्या पोपट्या लागल्या का, शेंगांना वास तसाच येतो का. तिकडे कोणीतरी आणून दिलेले वाल त्यांनी भिजत घातले होते, त्यांना मोड आले नाहीत. त्या एवढंच बोलल्या. मी वाट बघत होते, आता विचारतील, आता विचारतील. "ठेवते गो बाय," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला. घरमालक शेजारी हात पुढे करून उभे होते.

"ठेवला?" ते म्हणाले.

"हो."

"दाढेचं काय सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच नाही."

ते खुर्चीवर बसले. त्या बाईनं विचारायचं सोडून दिलं होतं, आणि ते त्यांना माझ्याइतकंच कळलं होतं. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि आधी राग बाहेर पडला. मी म्हटलं, "काका, त्या तिकडे एकट्या आहेत."

"मी इकडे कुठे दुकटा आहे?"

"मग दोघं एकाच घरात एकटे राहा की."

त्यांनी खिशातला आरसा काढला आणि पुन्हा ठेवला. मग म्हणाले, "तिकडे हे फ्लोराइड नळाच्या पाण्यातच घालतात हो. सगळ्या पोरांना आपोआप मिळतं. कोणाच्या जिभेवर गोळी ठेवायला नको, कोणाकडे रोज जायला नको. तिकडे माझी वाट कोण बघणार?"

"आजपर्यंत कोण बघत होतं?" मी म्हटलं.

संध्याकाळी ते आले तेव्हा रेवती तोंड मिटून बसली होती. ते तिच्यासमोर खाली फरशीवर बसले आणि म्हणाले, "उघड बेटा. मी बघितलीय ती. दिवाळीच्या आधीच बघितलीय." रेवतीनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं तोंड उघडलं ते असं मोठ्ठं उघडलं की इतक्या दिवसांची सगळी भरपाई झाली. त्यांनी आरसा घातला आणि ते बघत राहिले. एवढी वर्षं ज्याच्यासाठी थांबले ते त्यांच्यासमोर होतं, आणि त्याच्यावर एक ठिपका नव्हता. रेवतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं तोंड मिटलं नाही. "फार चांगली आली," ते म्हणाले. "फार चांगली." त्याच संध्याकाळी ते स्टँडाजवळच्या फोनच्या बूथवर गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. बूथवाला दुसऱ्या दिवशी म्हणाला, "डाक्टर दोन शब्द बोललं, आन्‌ मंग निस्तं ऐकत व्हतं."

ते गेले ते पावसाच्या आधी. जबडे न्यायचे की नाही यावर बूथवरून दोन देशांत वाद झाला म्हणतात. शेवटी गणपतीच्या कारखान्यातल्या मंडळींनी ते, परदेशी जाणाऱ्या मूर्तीसारखे, भाताच्या पेंढ्यात बांधून दिले. जाण्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारी मीही त्यांच्याबरोबर रोह्याला माहेरी गेले. मशिदीच्या दारात सगळ्यांत म्हातारे होते त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जा रे बाबा, जा. आम्ही नऊ जन बसू. देव काय हजेरी घेत नाय." पण बोलताना त्यांचा हात खांद्यावरून निघेना. पेणमध्ये परतल्यावर घरमालकांनी उरलेल्या गोळ्या माझ्या हातात दिल्या, कशा द्यायच्या ते मला इतकी वर्षं माहीत नसल्यासारखं पुन्हा सांगितलं, आणि जिना उतरून गेले. त्यानंतर मला संध्याकाळी त्या घरात बसवेना. मी रेवतीला घेऊन उगाच बाजारात जाई, पोह्याच्या गिरणीशी उभी राही, अंधार पडल्यावर परत येई. खालच्या दवाखान्याचं दार बंद असे. माणसाची सवय लागते हे ठाऊक होतं, पण घरमालकाची लागेल असं कोणी मला सांगितलं नव्हतं.

फोन येत राहिले, आधी दर रविवारी, मग सणावारी. काकूंचा आवाज आता भरल्या घरातला वाटे. "तुमचे डाक्टर इथं शेजाऱ्यांच्या पोरांच्या तोंडात बघत फिरतात गो. भाषा नाय येत, पन आ केलेलां सगळ्यांना कळतां." मग रेवतीला बाराव्या वर्षीची दाढ आली. तोवर ती चांगली उंच झाली होती, तिनं वेण्या घालणं सोडलं होतं, आणि लहानपणच्या गोष्टी काढल्या की तिला लाज वाटे. तिला ओढूनच फोनवर आणावं लागलं. "काका, दुसरी दाढ आली," ती म्हणाली. त्यांना आता ऐकू कमी येत होतं. तिला तीनदा सांगावं लागलं. मग पलीकडून त्यांचा तोच ओरडून बोलण्याचा आवाज मला खोलीच्या या टोकाला ऐकू आला, "आ कर बघू!"

रेवतीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ही आता हसेल. तिनं रिसीव्हर कानापासून काढून तोंडासमोर धरला, खिडकीच्या उजेडाकडे वळली आणि तोंड मोठं उघडलं. पलीकडून आवाज येत नव्हता. मागे कुठेतरी काकू म्हणत होत्या, "अवो, फोन हाय तो."  रेवती तशीच उभी राहिली, काकांचं बघून होईपर्यंत.